भीतीच्या वाक्यातला ‘च’

डोंबिवलीहून सकाळी आठच्या सुमारास सुटलेली फास्ट लोकल. महिलांचा डबा नेहमीसारखाच खच्चून भरलेला. ठाणं मागे पडलं आणि दाराजवळ टेकून उभ्या असलेल्या पस्तिशीतल्या एका बाईच्या छातीत एकाएकी धडधड सुरू झाली. तळहातांना घाम, बोटांना मुंग्या, डोकं गरगरतंय, श्वास पुरत नाहीये. ‘गेले मी,’ एवढंच तिच्या मनात आलं. शेजारच्या बायकांनी तिला पंख्याखाली बसवलं, कोणी पाण्याची बाटली पुढे केली, कोणी पर्समधून लिमलेटची गोळी काढली. घाटकोपरला दोघीजणी तिच्याबरोबर उतरल्या, रिक्षा करून जवळच्या रुग्णालयात घेऊन गेल्या. ईसीजी काढला, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. ‘काही नाही झालेलं, टेन्शन घेऊ नका,’ असं सांगून आणि पित्ताची गोळी लिहून देऊन तिला घरी पाठवण्यात आलं.

हे चित्र कोणा एकीचं नाही. मानसोपचाराच्या दवाखान्यांत सांगितल्या जाणाऱ्या अनेक हकिकतींतून ते जुळवलेलं आहे. गाव, गाडी आणि नोकरी बदलली तरी पुढची गोष्ट मात्र फारशी बदलत नाही. दोन-चार दिवसांनी ती कामावर निघते, पण फास्ट सोडून स्लो गाडी धरते. स्लो गाडी दर चार मिनिटांनी थांबते, वाटलं तर उतरता येतं. पर्समध्ये पाण्याची बाटली, ओला रुमाल आणि शेजारच्या काकांनी दिलेली जिभेखाली ठेवायची गोळी (डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ही गोळी घ्यायची नसते, हे अशा वेळी कोणालाच आठवत नाही). गाडीत शिरल्या शिरल्या नवऱ्याला फोन, तो दादर येईपर्यंत चालू. महिन्याभरात गर्दीच्या वेळची गाडी बंद होते. मग ऑफिसात घरून काम करण्याची विनंती, मग आठवड्यातून दोन दांड्या. पुढे लग्नाचा हॉल, देवळातली रांग, इमारतीची लिफ्ट, सगळीकडे तीच धाकधूक. सहा महिन्यांनी घरात चर्चा सुरू होते की नोकरी सोडावी का. घराचा हप्ता तिच्या पगारातून जात असतो, तरीही.

एका माणसाचं जग इतक्या वेगाने आक्रसत जातं, आणि त्याची सुरुवात बऱ्याचदा ‘काही नाही झालेलं’ या वाक्यापासून होते. वैद्यकीयदृष्ट्या ते वाक्य बरोबर असतं. हृदयाला खरंच काही झालेलं नसतं. पण जे झालं ते तिने स्वतः अनुभवलेलं असतं. काय झालं नाही हे रिपोर्टने सांगितलं, काय झालं हे मात्र कोणीच सांगितलं नाही. ती मोकळी जागा मग मन आपल्या पद्धतीने भरून काढतं. ‘रिपोर्टमध्येही सापडलं नाही, म्हणजे काहीतरी भलतंच असणार.’ अशी माणसं पुढे कित्येकदा ईसीजी काढतात, टू-डी इको करतात, मानेचा आणि मेंदूचा एमआरआयसुद्धा करून घेतात. प्रत्येक नॉर्मल रिपोर्टचा दिलासा जेमतेम आठवडाभर टिकतो.

झालेलं असतं ते असं. वाघ दिसल्यावर पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी शरीर जी तयारी करतं, ती या बाईच्या शरीराने वाघ नसताना केली. अ‍ॅड्रेनलीन रक्तात उतरलं, हृदय जोरात धावू लागलं, श्वास भराभर सुरू झाला. श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि भरपूर हवा आत जात असूनही हवा पुरत नाही असं वाटतं. हे सगळं अतिशय त्रासदायक आहे, पण धोकादायक नाही. काही मिनिटांत ते टोकाला पोहोचतं आणि आपोआप उतरू लागतं. याला पॅनिक अटॅक म्हणतात. उपाशीपोटी घेतलेला चहा, अपुरी झोप, डब्यातली घुसमट, आदल्या रात्रीचं भांडण, यांपैकी काहीही पहिल्या धडधडीला पुरतं.

पण पहिली धडधड तर अनेकांना होते. जिना चढल्यावर होते, गाडी चुकता चुकता पकडली की होते. ती विसरली जाते. मग इथेच तिचा आजार का होतो? ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये याचं जे उत्तर मांडलं, ते आजच्या उपचारांचा एक पाया आहे. शरीरात उठलेल्या निरुपद्रवी खळबळीचा माणूस भयंकर अर्थ लावतो. धडधड म्हणजे हार्ट अटॅक, गरगर म्हणजे आता शुद्ध हरपणार, सगळं अवास्तव वाटतंय म्हणजे वेड लागणार. अर्थ भयंकर म्हणून भीती वाढते, भीती वाढली म्हणून धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड तो अर्थ खरा असल्याचा पुरावा ठरते. असं हे गोल गोल फिरणारं चक्र असतं. त्यात बाहेरून येणारी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे तो अर्थ.

भीतीवर विचारांच्या बाजूने उपाय करता येतो असं म्हणतात, त्याचा मतलब इतकाच आहे. शरीराला ‘धडधडू नकोस’ अशी आज्ञा देता येत नाही. लावलेल्या अर्थाला मात्र प्रश्न विचारता येतात. अडचण अशी की तो अर्थ इतक्या झटकन येऊन जातो की विचार करतोय हेच माणसाच्या लक्षात येत नाही. ‘मी कुठे काय विचार केला? मला एकदम भीतीच वाटली,’ असं जवळपास प्रत्येक जण सांगतो. फिलाडेल्फियाचे डॉ. अ‍ॅरन बेक यांनी 1960च्या दशकात या निसटत्या वाक्यांना आपोआप येणारे विचार असं नाव दिलं, आणि रुग्णाने ती वाक्यं पकडून कागदावर उतरवणं हे उपचाराचं पहिलं काम ठरवलं.

बेक यांच्या काही वर्षं आधी न्यूयॉर्कमध्ये आणखी एक माणूस याच मुक्कामाला पोहोचला होता. महाराष्ट्रातल्या वाचकांना त्याचं नाव अगदीच अनोळखी नाही. अल्बर्ट एलिस (1913–2007). वयाच्या 19व्या वर्षी एलिस इतका बुजरा होता की मुलींशी बोलायची वेळ आली की त्याची गाळण उडायची. एक दिवस त्याने स्वतःलाच कामाला लावलं. ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की तिच्या शेजारी बसून एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. त्याने 130 जणींच्या बाबतीत हा प्रयत्न केला. 30 जणी लगेच उठून गेल्या, 100 जणींशी तो बोलला. त्यातली एकच पुन्हा भेटायला तयार झाली, आणि ती आलीच नाही. आजच्या काळात बागेतल्या अनोळखी स्त्रियांना असं गाठणं कोणी खपवून घेणार नाही आणि घेऊही नये. पण एलिसच्या हाती लागलेला निष्कर्ष विचार करण्यासारखा आहे. हिशेबाने पाहिलं तर त्याचा प्रयोग साफ फसला होता. तरी भीती गेली. कारण नकार आला तर काय होतं हे त्याला आता ऐकीव नव्हे, प्रत्यक्ष ठाऊक झालं होतं. कोणी ओरडलं नाही, कोणी पोलीस बोलावले नाहीत, आभाळ कोसळलं नाही. पुढे मनोविश्लेषणाचं शिक्षण घेऊन आणि त्यावर नाराज होऊन एलिसने 1955 मध्ये स्वतःची उपचारपद्धती मांडली. मराठीत ती विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणून ओळखली जाते. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून ती इथे रुजवली, अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी लिहिली, आणि ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या व्याख्यानांमुळे ती नाट्यगृहांपर्यंत पोहोचली.

एलिस यांचं म्हणणं असं की माणसाला केवळ इच्छा असते तोवर तो अस्वस्थ होईल, काळजी करेल, पण कोलमडणार नाही. इच्छेची मागणी झाली, की तो घाबराघुबरा होतो. इंग्रजीत हा फरक सांगायला त्यांना पुष्कळ शब्द खर्चावे लागले. मराठीत ते काम एका अक्षरात होतं. ‘गाडीत त्रास होऊ नये’ ही इच्छा. ‘गाडीत त्रास होताच कामा नये’ ही मागणी. ‘चारचौघांत शोभा झाली नाही तर बरं’ ही इच्छा. ‘शोभा होताच कामा नये, झाली तर मला ते सहनच होणार नाही’ ही मागणी. डोंबिवलीच्या त्या बाईने कागदावर उतरवलेल्या वाक्यांत हा ‘च’ ठिकठिकाणी सापडेल. मला आत्ताच्या आत्ता बरं वाटलंच पाहिजे. सोबत कोणीतरी असलंच पाहिजे. उतरायची सोय हवीच. आणि जगात असं एकही शरीर नाही जे ‘आज धडधड होणारच नाही’ अशी हमी देऊ शकेल. न मिळणारी हमी मागत राहिल्यावर दिवसभर पहारा देणं आलंच. मग ती बसल्या जागी नाडी मोजते, आणि मोजू लागली की नाडी वाढते.

या वाक्यांची झडती घ्यायची म्हणजे काय, हे बऱ्याचदा नीट समजावलं जात नाही. ‘सकारात्मक विचार करा’ या सल्ल्याशी त्याची गल्लत होते. सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मी निर्भय आहे, सगळं छान होणार आहे’ असं एकवीस वेळा म्हणणं हा त्याच्या नेमका उलटा प्रकार आहे. ‘सगळं वाईट होणार’ या वाक्याला जितका पुरावा नाही, तितकाच ‘सगळं छान होणार’ यालाही नाही. शिवाय मन काही इतकं भोळं नसतं, ते या घोषणेवर विश्वास ठेवत नाही. झडतीत प्रश्न विचारायचा तो पुराव्याचा. वाक्य गोड आहे की कडू, याच्याशी तिचा संबंध नाही.

समुपदेशक तिला विचारतो, ‘आजवर असे झटके किती आले?’ ती म्हणते, ‘तीसेक तरी.’ ‘त्यात शुद्ध किती वेळा हरपली?’ ‘एकदाही नाही.’ इथे उपचार संपायला हवा, पण संपत नाही. कारण ती पुढे म्हणते, ‘वेळेवर पाणी प्यायले म्हणून नाही हरपली.’ किंवा ‘दाराशी वारा होता म्हणून वाचले.’ पोराचा ताप तिसऱ्या दिवशी उतरणारच होता, पण दुसऱ्या रात्री दृष्ट काढली, तर श्रेय मीठ-मोहरीला जातं. तसंच इथेही. बाटली, रुमाल, दाराजवळची जागा, नवऱ्याचा फोन यांनी तिला एकदाही वाचवलेलं नसतं, कारण वाचवण्यासारखं काही घडतच नव्हतं. पण त्या प्रत्येकाला श्रेय मिळत गेल्यामुळे खरी माहिती तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तीस वेळा सुखरूप पोहोचूनही तिच्या हिशेबात ती तीस वेळा थोडक्यात बचावलेली असते.

अशा वेळी शरीरशास्त्राची माहिती कामाला येते. शुद्ध हरपते ती साधारणपणे रक्तदाब एकदम खाली आल्यामुळे. पॅनिकमध्ये रक्तदाब वाढतो. म्हणजे ज्या क्षणी तिला ‘आता पडणार’ असं वाटतं, त्या क्षणी पडण्याची शक्यता एरवीपेक्षा कमीच असते. याला एक अपवाद आहे. रक्त, जखम किंवा इंजेक्शन पाहून घाबरणाऱ्यांचा रक्तदाब आधी वाढतो आणि मग झपकन उतरतो, ते खरोखर चक्कर येऊन पडतात. त्यांच्यासाठी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी वेगळी युक्ती शोधली. हातपाय आणि पोटाचे स्नायू आवळून धरायचे, म्हणजे रक्तदाब टिकून राहतो. तिथे ‘शांत व्हा, अंग सैल सोडा’ हा नेहमीचा सल्ला उलट नडतो. लहानपणी एका शस्त्रक्रियेचा धसका घेतलेल्या बेक यांना स्वतःलाही रक्ताची भीती होती. वैद्यकीय शिक्षण घेताना शस्त्रक्रियागृहात पुन्हा पुन्हा उभं राहून त्यांनी ती घालवली.

आता दुसरा प्रश्न. ‘समजा, पडलीसच. मग पुढे काय?’ हा प्रश्न घरचे कधी विचारत नाहीत. त्यांना तो अशुभ वाटतो. पण भीतीचा मुक्काम याच प्रश्नामागे असतो. या बाईच्या बाबतीत तर गंमत अशी, की तिला ज्याची भीती वाटते त्यातलं बरंचसं पहिल्याच दिवशी घडून गेलंय. भर गर्दीत तिला त्रास झाला, सगळा डबा बघत होता. आणि डब्याने काय केलं? जागा दिली, पाणी दिलं, लिमलेट दिलं, ऑफिसला उशीर होत असताना दोघीजणी उतरल्या. शोभा म्हणतात ती हीच असेल, तर ती फारशी वाईट गेली नाही. ‘लोक काय म्हणतील’ या धाकात वाढलेल्या माणसाला ही साधी नोंदही कोणीतरी करून द्यावी लागते. एलिस आपल्या रुग्णांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत मोठ्याने स्टेशनांची नावं पुकारायला लावत आणि पुकारून झाल्यावर त्याच गाडीत बसून राहायला सांगत. उद्देश एवढाच, की लोकांनी विचित्र नजरेने पाहिलं तरी जगता येतं याचा अनुभव यावा. मुंबईच्या लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन’ गाडीच सांगत असते, त्यामुळे इथे बहुधा कोणी मान वर करूनही पाहणार नाही.

इथवरचं सगळं खुर्चीत बसून होऊ शकतं, आणि म्हणूनच ते अपुरं आहे. विवेकनिष्ठ विचारांवरची पुस्तकं वाचून पाठ झालेली, वहीत रकाने आखून अविवेकी विचारांसमोर विवेकी विचार सुवाच्य अक्षरात लिहिणारी आणि तरीही लिफ्टऐवजी सात मजले चढून जाणारी माणसं पुष्कळ आहेत. मराठी वाचकाला विचारांचं विशेष प्रेम, आणि व्याख्यानाला टाळी देऊन घरी आलं की काम झाल्यासारखं वाटतं. पण भीतीचं वाक्य खरं की खोटं याचा निकाल ते जिथे उच्चारलं जातं तिथेच लागतो. एलिसने बागेत न जाता घरी बसून नकाराबद्दल कितीही शहाणा विचार केला असता, तरी तो बुजराच राहिला असता.

म्हणून प्रयोग करावे लागतात, आणि ते चढत्या क्रमाने. ही कल्पना शंभर वर्षं जुनी आहे. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या तीन वर्षांच्या मुलावर केलेल्या उपचाराचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मूल आवडीचं खात असताना ससा आधी लांब ठेवला, मग रोज थोडा जवळ आणला. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. लोकलच्या बाबतीत पहिला प्रयोग दवाखान्यातच होतो. तिला मिनिटभर मुद्दाम भराभर श्वास घ्यायला सांगतात. त्याच मुंग्या, तीच गरगर. फरक इतकाच की या वेळी ती तिने स्वतः आणलेली असते. ‘हे तर मला गाडीत होतं तेच!’ हे उद्गार ऐकण्यासाठी समुपदेशक वाट पाहत असतो. जे श्वास भराभर घेतल्याने येतं आणि थांबवल्यावर जातं, ते हार्ट अटॅक कसं असेल? (दमा, हृदयविकार, फिट येण्याचा इतिहास किंवा गर्भारपण असेल तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि कोणीच तो एकट्याने, कुठेतरी वाचलं म्हणून करू नये.)

मग वही येते. दुपारची रिकामी स्लो गाडी, डोंबिवली ते कोपर, एकच स्टेशन. चढण्याआधी अंदाज लिहायचा: ‘कोपर यायच्या आत शुद्ध हरपेल. खात्री 90 टक्के.’ उतरल्यावर झालं ते लिहायचं: ‘घाम आला. पाय कापले. पडले नाही.’ दुसऱ्या दिवशी तेच, बाटलीशिवाय. मग दिवा, मग मुंब्रा, मग फोन पर्समध्ये बंद करून ठाणं. झटका आला तर उतरायचं नाही, हा यातला सगळ्यात अवघड नियम. ऐन भरात असताना उतरलं, तर ‘उतरले म्हणून वाचले’ हा नवा धडा मिळतो, आणि दृष्ट काढल्यासारखं होतं. डब्यात थांबून राहिलं तर भीती चढते, टिकते आणि उतरते, हे शरीराला कळतं. खात्रीचा आकडा 90 वरून 70, मग कधी पुन्हा 80, मग 40 असा वेडावाकडा उतरत जातो. सरळ रेषेत तो कोणाचाच उतरत नाही. आणि शून्यावर यायची वाट पाहायची नसते. ‘भीती पूर्ण गेली की मग गाडीत बसेन’ यातही तो ‘च’ लपलेला आहे.

घरच्यांची भूमिका इथे कसोटीची ठरते. ‘नको जाऊस आज, राहू दे’ हे वाक्य मायेचं आहे, आणि भीतीला त्याहून चांगलं खतपाणी दुसरं नाही. नवरा दादरपर्यंत फोनवर राहतो, सासूबाई निघताना अंगारा लावतात, मुलगी शाळेतून आल्यावर ‘आई, आज बरी होतीस ना?’ विचारते. सगळे मिळून तिला रोज न बोलता सांगत असतात की गाडी धोक्याची आहे आणि तू नाजूक आहेस. याच्या उलट ‘सगळ्या बायका जातात, तुलाच काय होतं, सगळे मनाचे खेळ’ हा टोमणाही तितकाच निकामी. मनाचे खेळ असतात म्हणूनच तर ते इच्छाशक्तीने थांबत नाहीत. घरच्यांनी करायचं काम कंटाळवाणं आहे. फोन न उचलणं, आणि तो उचलणार नाही हे तिच्याशी आधीच ठरवून, तिच्या संमतीने ठरवून, न उचलणं.

या सगळ्या विचारसरणीला एक धोका आहे, आणि तिचे उत्साही प्रचारक त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. प्रत्येक भीती अविवेकी नसते. रात्री अकराच्या गाडीत रिकाम्या महिला डब्यात एकटी असलेली स्त्री घाबरते, तेव्हा तिच्या विचारांत दोष शोधायचा नसतो, डब्यात पोलीस हवा असतो. गर्दीच्या गाडीच्या दारात लोंबकळणाऱ्याला पडण्याची भीती वाटलीच पाहिजे, तिथला ‘च’ योग्य आहे. कर्जाखालच्या शेतकऱ्याला सावकाराची, कंत्राटी कामगाराला मुकादमाची वाटणारी भीती ही परिस्थितीची अचूक नोंद असते. तिथे ‘घटना त्रास देत नाही, तुमचा विचार त्रास देतो’ असं ऐकवणं निव्वळ निर्दयपणा होईल. तसंच ज्यांच्यावर अत्याचार झाला आहे, ज्यांना भीतीबरोबर खोल नैराश्य आहे, त्यांना वही-पेन्सिलीच्या भरवशावर सोडता येत नाही. अनेकांना औषधांची गरज लागते आणि ती घेण्यात कसलीही हार नाही. आणि पहिल्यांदा छातीत दुखलं, श्वास अडकला, तर ‘माझं पॅनिक असेल’ असं म्हणत घरी बसणं चुकीचंच. आधी हृदय, थायरॉइड, रक्तातलं लोह तपासून घ्यायचं, मग विचारांकडे वळायचं.

पण तपासून झाल्यावर तरी वळायचं कुठे? निम्हान्सने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मानसिक आजार असलेल्यांपैकी 80 टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते, असं दिसलं. त्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण इथलं चित्र फार निराळं असेल असं मानायला आधार नाही. शहरात समुपदेशकाची तासाची फी अनेकांच्या आवाक्याबाहेर असते, तालुक्याच्या गावी समुपदेशकच नसतो. पाटी लावून बसलेल्यांपैकी कोणाचं प्रशिक्षण खरोखर झालं आहे, हे ओळखण्याचा सोपा मार्ग सामान्य माणसाजवळ नाही. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा तिचा क्रमांक, आणि तिथे मराठीतही बोलता येतं. रुग्णालयाच्या भिंतींवर हेल्पलाइनची पत्रकं चिकटवलेली असतात, पण अपघात विभागात घाबरून आलेल्या बाईला हा क्रमांक कोणी कागदावर लिहून दिला, असं अपवादानेच घडतं.

ते मात्र आज, कुठलीही नवी योजना न येता, होऊ शकतं. छातीत धडधड म्हणून आलेल्या आणि तपासण्या नॉर्मल निघालेल्या माणसाला घरी पाठवण्यापूर्वी अपघात विभागातल्या डॉक्टरने पाच मिनिटं खर्च करायची आहेत. ‘काही नाही झालेलं’ हे वाक्य गाळायचं. त्याऐवजी सांगायचं: ‘तुमचं हृदय ठीक आहे. तुम्हाला झालं ते खरं होतं, त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. तो पुन्हा येऊ शकतो. आला तर त्रास होईल, काही मिनिटांत उतरेल, त्याने तुम्ही मरणार नाही. उद्या कामाला नेहमीच्याच गाडीने जा. महिन्याभरात गाडी टाळावीशी वाटू लागली तर इथे फोन करा.’ आणि पित्ताच्या गोळीच्या चिठ्ठीवर, औषधाच्या नावाखाली, तो क्रमांक लिहून द्यायचा.